परदेशी टेक कंपनीतली नऊ वर्षं: पाचपैकी साडेतीन

आकडा आधीच सांगून टाकते, कारण परीक्षण वाचणारा बहुतेक वेळा तोच शोधत असतो. पाचपैकी साडेतीन तारे. कामाच्या दर्जाला मी पूर्ण पाच देईन. वेळेच्या बाबतीत दोनच्या वर जाणार नाही. उरलेलं सगळं एका गोष्टीवर ठरतं, आणि ती गोष्ट मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळली. ती आधी माहीत असती तर मुलाखतीतच विचारली असती. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी बिलिंगच्या टीममध्ये आहे. ग्राहकांना दर महिन्याची बिलं जातात, पैसे जमा होतात, परतावे निघतात. त्यामागचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो आणि चालवतो. कंपनी अमेरिकन आहे, शेअर बाजारात नोंदलेली, मुख्यालय पश्चिम किनाऱ्यावर. आमच्या आणि त्यांच्या घड्याळात जवळजवळ अर्ध्या दिवसाचा फरक. आम्ही दिवसाचं काम आवरायला घेतो तेव्हा तिकडे लोक लॅपटॉप उघडत असतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी अजून तिथेच आहे. शिवाय जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही. अशाच दुसऱ्या कंपन्यांत असलेल्या मैत्रिणींशी बोलते तेव्हा बहुतेक गोष्टी जुळतात.

सुरुवात फार चांगली झाली होती. पहिल्या आठवड्यात मला कळलं की इथे कुणाला सर, मॅडम म्हणायचं नाही. माझ्या मॅनेजरच्या मॅनेजरलाही नावाने हाक मारायची. जीभ रुळायला महिना गेला. दुसऱ्या आठवड्यात मी एका ज्येष्ठ इंजिनिअरच्या कोडमध्ये चूक दाखवली. त्याला त्या क्षेत्रात वीस वर्षं झाली होती. त्याने दोन ओळींत उत्तर दिलं: बरोबर आहे, धन्यवाद, बदलतो. आणि खरंच बदललं. याआधीच्या नोकरीत अशी चूक दाखवायला मी चार दिवस शब्द जुळवत बसले असते, आणि तरी मीटिंगमध्ये कुणाचा तरी चेहरा पडला असता. कामाला पाच तारे मी याच कारणासाठी देते. कोड कुणाचा आहे यापेक्षा तो बरोबर आहे का, हे बघतात. टेस्ट नसेल तर बदल पुढे जात नाही, मग तो उपाध्यक्षाचा का असेना.

आता वेळ.

अर्ध्या दिवसाचा फरक म्हणजे काय, हे ऑफर लेटर वाचताना समजत नाही. रोजचं काम आपल्या वेळेत होतं, मीटिंगा त्यांच्या वेळेत. कागदावर दिवस नऊ तासांचा असतो. प्रत्यक्षात तो दोन तुकड्यांत मोडतो आणि मधल्या वेळेत आपण घरी असूनही घरी नसतो. माझी मुलगी लहान होती तेव्हा तिला झोपवण्याची वेळ आणि मुख्यालयाची रोजची मीटिंग एकाच वेळी यायची. दोन वर्षं मी हेडफोन एका कानात घालून, माइक बंद करून तिच्या शेजारी आडवी झाले आहे. मीटिंगमध्ये माझं नाव आलं की उठून बाहेर जायचं. ती जागी झाली की परत आत.

त्यातून वर्षातून दोनदा ही घडी विस्कटते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. २००७ पासून हेच वेळापत्रक आहे. युरोप हेच काम मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतो. आमच्याकडे घड्याळ बदलतच नाही. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर एक आठवडा असा येतो की मुख्यालय, युरोपचं ऑफिस आणि आमचं, या तिन्हींचं एकमेकांशी नेहमीचं गणित चुकतं. मीटिंग ज्याने ठरवली त्याच्या शहराच्या वेळेला ती चिकटलेली असते. मुख्यालयातल्या माणसाला काहीच बदललेलं दिसत नाही, त्याची नऊची मीटिंग नऊलाच असते. सरकतो तो आमचा दिवस. यात कुणाचा दुष्टपणा नाही. पण ज्याची मीटिंग हलत नाही त्याला दुसऱ्याचा हललेला दिवस कळत नाही, एवढं मात्र खरं.

याच घड्याळाने एकदा आमची चांगलीच परीक्षा घेतली. तो प्रसंग सविस्तर सांगते, कारण या नोकरीचं चांगलं आणि वाईट दोन्ही त्यात आहे.

नोव्हेंबरचा पहिला रविवार होता. माझा ऑन-कॉलचा आठवडा, म्हणजे यंत्रणेत काही बिघडलं तर कधीही धावायची पाळी माझी. दुपारी जेवणं उरकून भांडी आवरत होते तोच फोनवर अलर्ट वाजला: ईमेलची रांग नेहमीच्या दुप्पट. पहिल्यांदा वाटलं, मोजणाऱ्या यंत्रणेतच काही बिघडलं असेल. लॅपटॉप उघडला, लॉग, म्हणजे यंत्रणेने केलेल्या नोंदी, बघितल्या. बिलं तयार करणारा जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम, एकदा १ वाजून ३० मिनिटांनी सुरू झाला होता आणि व्यवस्थित संपला होता. त्याखाली पुन्हा नोंद: तीच तारीख, तीच वेळ, १ वाजून ३० मिनिटं, जॉब सुरू. मी त्या दोन ओळी कितीतरी वेळ बघत राहिले. अगदी सारख्या. मग लक्षात आलं. त्या रात्री तिकडे दोन वाजता घड्याळ मागे जाऊन पुन्हा एक वाजला होता. दीड त्या रात्री दोनदा वाजला. जॉब ठरल्या वेळी सुरू करणारा आमचा शेड्युलर कंपनीतच लिहिलेला, आणि तो मुख्यालयाच्या स्थानिक वेळेवर चालायचा. त्याने सांगितल्याप्रमाणे केलं: दीड वाजला, जॉब चालवला, पुन्हा दीड वाजला, पुन्हा चालवला. ग्राहकांना एकाच महिन्याची दोन बिलं जायला लागली होती.

ईमेलची रांग थांबवणं हे एका कमांडचं काम. पण बिलिंग ही पैशाची यंत्रणा, त्यामुळे चालू यंत्रणेला एकट्याने हात लावायची परवानगी कुणालाच नाही; दुसऱ्या माणसाची मंजुरी लागते. मंजुरी देणारे तिघे होते. तिघेही मुख्यालयात, आणि तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. मी पहिल्याला फोन लावला, उचलला नाही. दुसऱ्याचा बंद. तिसरीने चौथ्यांदा वाजल्यावर उचलला. तोपर्यंत चाळीस मिनिटं गेली होती आणि मी स्क्रीनवर पाठवलेल्या ईमेलचा आकडा चढताना बघत होते. त्या चाळीस मिनिटांत जितकं असहाय वाटलं तितकं या नोकरीत पुन्हा कधी वाटलं नाही. काय करायचं ते माहीत, कमांड टाइप करून तयार, आणि मंजुरीचं बटण हजारो मैलांवर झोपलेल्या माणसाकडे.

रांग थांबली. दुसरी बिलं रद्द झाली, माफीचे ईमेल गेले. दुसरी रक्कम कुणाच्याही खात्यातून कापली गेली नव्हती, कारण वसुलीचा टप्पा दुसऱ्या दिवशी असतो. सोमवारी रात्री चौकशीची मीटिंग होती आणि मी पोटात गोळा घेऊन बसले. कुणीतरी विचारणार, इतका वेळ का लागला? तसं झालं नाही. चौकशीचा कागद आधीच उघडलेला होता आणि त्यात वरती लिहिलं होतं की व्यक्तींची नावं घालायची नाहीत, फक्त भूमिका लिहायच्या. प्रश्न सगळे यंत्रणेबद्दल होते. वेळ स्थानिक का? एकच बिल दोनदा तयार होऊ शकतं हे यंत्रणेला का कळलं नाही? मंजुरी देणारे सगळे एकाच टाइम झोनमध्ये का? हा तिसरा प्रश्न मी मांडला नव्हता. फोन उचलणारीनेच तो कागदावर घातला होता.

महिन्याभरात जॉब यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेवर, गेला. यूटीसीत घड्याळ पुढेमागे करत नाहीत. प्रत्येक बिलाला ग्राहक आणि महिना मिळून एकच ओळख क्रमांक आला. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर यंत्रणा तो सोडून देते. आणि आमच्या ऑफिसातल्या दोघांना मंजुरीचा अधिकार मिळाला, त्यात एक मी. या दुरुस्त्यांसाठी मी ही कंपनी कुणालाही सुचवीन. माणसाला धारेवर न धरता बिघाडाच्या मुळाशी जाणं म्हणजे काय, हे मी तिथे प्रत्यक्ष पाहिलं.

पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच सापडलं नाही. वेळ स्थानिक का? असं कुणी आणि का ठरवलं? कामाच्या नोंदींची जुनी तिकिटं, जुने ईमेल, सगळं उपसलं. काही नाही. शेवटी कंपनीतल्या सर्वांत जुन्या इंजिनिअरने सांगितलं की त्याच्या आठवणीप्रमाणे हे जेवणाच्या टेबलावर ठरलं होतं. तेव्हा दूरची ऑफिसं नव्हती, त्यामुळे स्थानिक वेळ सगळ्यांना सोयीची होती.

त्या प्रसंगानंतर काही महिन्यांनी मला दोन आठवड्यांसाठी मुख्यालयात बोलावलं. माझा तिथला पहिलाच प्रवास. तेव्हा आमच्या टीमचा परताव्याच्या रचनेवरून मुख्यालयाशी वाद चालू होता. परतावा मूळ बिलाला जोडायचा की स्वतंत्र नोंद करायची. अकरा दिवस ईमेल चालू होते. एक उत्तर यायला एक दिवस, कारण आम्ही लिहायचो तेव्हा ते झोपलेले आणि ते लिहायचे तेव्हा आम्ही. तिथे गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी कॉफीच्या यंत्रापाशी उभी होते. शेजारी आमच्या विभागाचा आर्किटेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना ठरवणारा, आणि पेमेंटच्या टीमची प्रमुख बोलत होते. विषय आमचाच. तो म्हणाला, स्वतंत्र नोंद ठेवली तर ऑडिटला सोपं जाईल. ती म्हणाली, चालेल. त्याने कपाला झाकण लावलं. झालं. अकरा दिवसांचा वाद कॉफी भरेपर्यंत मिटला होता, आणि मी तिथे नसते तर आमच्या ऑफिसला तो मिटल्याचं आणखी आठवड्याने कळलं असतं, तेही कुणाच्या तरी कोडमध्ये बदल दिसल्यावर.

मी त्याला विचारलं, हे आत्ता जे ठरलं ते कुठे लिहिलं जाणार आहे? प्रश्नाचा त्याला राग आला नाही, नवल वाटलं. असं कुणी विचारलं नव्हतं. मी त्याला रविवारच्या दीड वाजण्याची आठवण करून दिली. त्याने तिथेच उभ्या उभ्या फोनवर चार ओळी लिहिल्या: काय ठरलं, कोणत्या कारणाने, कोणता पर्याय सोडला, कुणाला हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत सांगा. आमच्या ऑफिसातून दोन हरकती आल्या. त्यातली एक मान्य झाली.

माझं म्हणणं इथे आहे. परदेशात मुख्यालय असलेल्या कंपनीतलं तुमचं आयुष्य कसं जाईल हे पगार, शेअर, जेवणाची सोय यांवरून ठरत नाही. निर्णय लिहून होतात की बोलून, यावरून ठरतं. बोलून होत असतील तर ते नेहमी त्याच खोलीत होणार जिथे सर्वांत जास्त वरिष्ठ माणसं बसतात, आणि तुम्ही कितीही हुशार असलात तरी त्या खोलीत नसता. लिहून होत असतील तर अंतराने फार बिघडत नाही. इंटरनेटचे नियम ज्या संस्थेत ठरतात, त्या आयईटीएफमध्ये सभेत एखादी गोष्ट ठरली तरी ती मेलिंग लिस्टवर पक्की करावी लागते, कारण सभेला न आलेल्यांचं म्हणणंही मोजायचं असतं. ते नियम ज्या टिपणांच्या मालिकेत निघतात ती १९६९ पासून आहे. पहिल्याच टिपणापासून त्या मालिकेचं नाव म्हणजे 'अभिप्राय द्या' अशी विनंतीच आहे. गिटलॅबसारख्या कंपनीला मुख्यालयाची इमारतच नाही, आणि तिची कामाची नियमावली कुणालाही वाचता येते. म्हणजे हे जमतं. ठरवावं लागतं.

भाषेबद्दल एक गोष्ट. आपण मराठीत समोरचा बोलत असताना 'हो, हो' म्हणतो, त्याचा अर्थ ऐकतेय, पुढे बोला. तीच सवय इंग्रजीतही जाते. पहिल्या वर्षी मी एका मीटिंगमध्ये अशीच हो हो करत गेले आणि मीटिंगच्या टिपणात आलं की आमच्या टीमने दोन आठवड्यांत काम द्यायचं कबूल केलं आहे. त्यांच्या लेखी होकार म्हणजे वचन. तेव्हापासून मी ऐकताना गप्प बसते आणि शेवटी माझ्याकडून काय कबूल आहे ते स्वतः सांगते. तारखांचंही तसंच. ०९/१० ही त्यांच्यासाठी १० सप्टेंबर, आमच्यासाठी ९ ऑक्टोबर. महिना अक्षरात लिहा, कायम.

रोजच्या त्रासात सर्वांत चिवट त्रास म्हणजे दूरच्या यंत्रावर काम करणं. आमच्या टीमला काही डेटा फक्त मुख्यालयातल्या सर्व्हरवरच बघता येतो, आपल्या लॅपटॉपवर आणता येत नाही. म्हणजे पडद्यावर दिसतं ते यंत्र समुद्रापलीकडे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. ऐकायला प्रचंड वाटतं. पण दहा हजार किलोमीटर जाऊन परत यायला त्याला एक दशांश सेकंद लागतो, आणि केबल सरळ रेषेत नसतात, वाटेत राउटर, व्हीपीएन. एक अक्षर दाबलं की ते उमटायला किंचित थांबावं लागतं. बोटं पुढे, अक्षरं मागे. खोडायला गेलं की दोन जास्त खोडली जातात. दिवसभर असं काम केल्यावर मान आणि खांदे भरून येतात, कारण प्रत्येक शब्दाला शरीर नकळत थबकत असतं. यावर पैसे टाकून उपाय होत नाही, प्रकाशाचा वेग कुणी वाढवू शकत नाही. उपाय एकच, कामाचं साधन जवळ आणणं. त्यासाठी आम्ही तीन वर्षं लिहून मागणी केली आणि शेवटी खोट्या नावांचा, खऱ्यासारखा डेटा जवळच्या सर्व्हरवर मिळाला.

डेटावरच्या या बंधनांबद्दल माझी तक्रार नाही, हेही सांगायला हवं. २५ मे २०१८ ला लोकांच्या खाजगी माहितीच्या संरक्षणाचा युरोपचा जीडीपीआर कायदा लागू झाला. मोठ्या उल्लंघनाला दंड दोन कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तिथपर्यंत. त्या वर्षी आम्ही चार महिने दुसरं काही केलं नाही; लॉगमधली नावं, पत्ते, ईमेल शोधून काढत होतो. तोवर मीही टेस्ट करताना खऱ्या ग्राहकांच्या नोंदी सर्रास उघडायचे आणि त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. आता वाटतं. तसंच पैशाच्या यंत्रणेत बदल करणाऱ्याने तो स्वतःच मंजूर करून चालू करायचा नाही, हा नियम. तो येतो अमेरिकेच्या २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याच्या अंमलबजावणीतून, एन्रॉनसारख्या घोटाळ्यांनंतर झालेल्या. नियम योग्यच आहे. मंजुरी देणारे सगळे एकाच शहरात ठेवणं कायद्याने सांगितलेलं नव्हतं, ती आमची चूक होती.

पगाराबरोबर मिळणाऱ्या कंपनीच्या शेअरबद्दल नवीन लोक फार विचारतात, म्हणून थोडं. ऑफरमध्ये मोठा आकडा दिसतो तो बहुधा चार वर्षांत मिळून येणारा असतो. नेहमीची पद्धत अशी: पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही, मग एक चतुर्थांश, मग दर तिमाहीला थोडे थोडे. अकराव्या महिन्यात सोडलंत तर शून्य. शेअर हातात येतात त्या दिवशीच्या भावाने ते उत्पन्न धरलं जातं आणि त्यावर कर बसतो. पुढे भाव पडला तरी तो कर परत येत नाही. तिमाहीच्या निकालांच्या आसपास विक्री बंद असते. अमेरिकन नसल्याचा डब्ल्यू-८बेन नावाचा अर्ज ब्रोकरकडे भरावा लागतो. तो साधारण तीन वर्षांनी संपतो, पुन्हा भरावा लागतो. माझी चूक अशी झाली की पाच वर्षं एकही शेअर विकला नाही. मग एका वर्षात भाव निम्म्यावर आला, आणि त्याच वर्षी नोकरीही जाते की काय अशी वेळ आली. पगार आणि साठवण एकाच कंपनीच्या भरवशावर ठेवू नका. आता शेअर आले की ठरलेला हिस्सा मी लगेच विकते.

पगार स्थानिक बाजाराप्रमाणे ठरतो. एकाच फाइलमध्ये मी आणि मुख्यालयातला माझा सहकारी शेजारच्या ओळी लिहितो आणि आमच्या पगारात कितीतरी पटींचा फरक असतो. राहण्याचा खर्च वेगळा, हे कारण मला समजतं आणि मान्यही आहे. मान्य नाही ती गोष्ट वेगळी: पद एकच असताना दूरच्या ऑफिसातल्या माणसाला त्या पदापर्यंत पोचायला जास्त वर्षं लागतात. बढतीचा निर्णय होतो तिथे मॅनेजर आपापल्या माणसांची बाजू मांडतात. तुमचं काम त्या खोलीतल्या एकानेच पाहिलेलं असेल तर बाकीचे गप्प बसतात, आणि गप्प बसणं तुमच्या विरोधात जातं. माझी पहिली बढती दोनदा मागे पडली. तिसऱ्या वेळी माझ्या मॅनेजरने मला सांगितलं, तू केलेल्या कामाचं तू लिहिलेलं टिपण दे, माझं वर्णन नको. मी परताव्याच्या रचनेचा कागद, त्या रविवारच्या चौकशीचा कागद आणि डेटा जवळ आणण्याची मागणी, तिन्ही दिले. ते वाचून पेमेंटच्या टीमची प्रमुख माझ्या बाजूने बोलली, असं नंतर कळलं. तीच, कॉफीच्या यंत्रापाशी असलेली.

आणि मग कपात. २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला या क्षेत्रात ती लाट आली. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० हून जास्त लोक कमी केले. पुढच्या जानेवारीत गूगलने सुमारे १२,०००, मायक्रोसॉफ्टने १०,००० जाहीर केले. आमच्याकडेही झाली. आकडा इथे देत नाही. आम्हाला कळलं ते ईमेलने, पहाटे, बातम्यांत येऊन गेल्यावर. शेअर बाजारातल्या कंपनीला अशी माहिती आधी सांगताना जपावं लागतं, हे मी समजू शकते. पण माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाने सकाळी लॅपटॉप उघडला तेव्हा पासवर्ड चालेना. त्याला वाटलं पासवर्डची मुदत संपली असेल, त्याने हेल्पडेस्कला फोन केला. हेल्पडेस्कवाल्याला पडद्यावर दिसत होतं, पण त्याने सांगितलं नाही, फक्त म्हणाला मॅनेजरशी बोला. मॅनेजर मुख्यालयात. झोपलेला. त्या मुलाला दुपारपर्यंत कुणी माणूस सापडला नाही जो त्याला त्याच्या तोंडावर सांगेल. त्याच कपातीत जर्मनीच्या ऑफिसात कर्मचारी मंडळाशी आधी सल्लामसलत करावी लागली, त्यामुळे तिथल्या लोकांना कित्येक आठवडे मिळाले, समोरासमोर बोलणं झालं. कंपनी तीच होती. कायद्याने भाग पाडलं तिथे ती माणुसकीने वागली, आणि नाही पाडलं तिथे पासवर्ड बंद केला. कापलेल्या दीड ताऱ्यात या एका सकाळचा वाटा मोठा आहे, आणि आज तीच कंपनी उत्तम चालली आहे म्हणून तो परत देणार नाही.

तरीही मी थांबले. कारण काम. जगभरातून कोट्यवधी बिलं जातात, त्यातला माझा क्रमांकाचा नियम रोज रात्री चालतो आणि एकालाही दोनदा बिल जात नाही. अशा आकाराचं काम, इतक्या शिस्तीने, मला दुसरीकडे मिळालं नव्हतं. मीटिंगांची वेळ आता आळीपाळीने बदलते, एक महिना आमच्या सोयीची, एक महिना त्यांच्या. हा बदल मागून घ्यावा लागला. पहिल्या महिन्यात मुख्यालयातले तिघे सकाळी सहाला जांभया देत हजर होते, आणि त्यातल्या एकाने मीटिंग संपल्यावर मला वेगळा मेसेज केला: तुम्ही सगळे हे इतकी वर्षं करत होतात?

तुम्ही अशा कंपनीत मुलाखतीला जात असाल, तर शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हणतात तेव्हा दोन गोष्टी विचारा. तुमच्या टीमने गेल्या तीन महिन्यांत घेतलेला एखादा मोठा निर्णय कुठे लिहिलेला आहे, आणि त्यावर मुख्यालयाबाहेरच्या किती जणांनी हरकत घेतली होती. गोपनीय असेल तर कागद दाखवणार नाहीत, ते ठीक आहे. उत्तर देताना ते विचारात पडतात का, ते बघा. आणि तुमच्या मॅनेजरचं शहर कोणतं ते सही करण्याआधी लेखी घ्या.

माझा पुढचा ऑन-कॉल नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. रविवार मी मुद्दाम माझ्याकडे घेतला आहे, सोबत नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी आहे. मंजुरीचा अधिकार तिला गेल्याच महिन्यात मिळाला.